न बदललेलं कडं

चांदूर बाजारात गादी भरून घ्यायची तर लोक अब्दुल सत्तारकडे जात, आणि त्याचं कारण होतं कोपरा. गादी शिवून झाली तरी सत्तारभाई तिचा एक कोपरा उघडा ठेवायचे. गिऱ्हाइकानं त्यात हात घालायचा, मूठभर रुई बाहेर ओढून पाहायची, आणि ‘हाव’ म्हटलं की मगच शेवटचे टाके पडायचे. पिंजाऱ्याच्या धंद्यात लबाडीला जागा फार. खोळ नवी, दोरा नवा, आणि आत बापाच्या लग्नातली जुनीच रुई, असं पुष्कळ चालतं. म्हणून सत्तारभाईंच्या वडिलांनी हा रिवाज पाडला होता. कुणाला फारच शंका आली तर गादी रस्त्यावर टाकायची आणि चार लोकांसमोर सगळी शिवण उसवून दाखवायची, त्यात कमीपणा मानायचा नाही, असंही त्या घरात ठरलेलं होतं.

नगमा ह्या घरातली थोरली मुलगी. तिची गोष्ट सांगायची तर लोकांना वाटतं, शाल-श्रीफळाची असेल. शाल-श्रीफळ आहे हिच्यात, पण ते मध्येच येतं आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

दुकानात मशीनवर बसायचे जानराव वानखडे. ते सत्तारभाईंचे नोकर की भागीदार, हे दोघांनीही कधी नक्की केलं नाही. रुई मशीनच्या तोंडात द्यायची आणि पलीकडून फुगून आलेली गोळा करायची, हे त्यांचं काम. नगमा लहान असताना त्या रुईच्या ढिगातच झोपून जायची आणि जानराव तिला उचलून आत नेऊन टाकायचे. पुढं ती अमरावतीला कॉलेजात निघाली तेव्हा तिची पेटी एस.टी.च्या टपावर चढवली तीही त्यांनीच. घरात अब्बा आणि दुकानात काका, असे दोन बाप तिला होते म्हणा ना.

जानरावांना खोकला होता. पिंजणाऱ्याला खोकला असायचाच, रुईची धूळ छातीत जाते, म्हणून तो कुणी मनावर घेतला नाही. त्यांची बायको पार्बताबाई अद्रकाचा काढा द्यायची. शेवटी अंगात ताप भरायला लागला, धोतर कमरेला ठरेना, तेव्हा तपासणी झाली आणि तो धुळीचा खोकला नसून टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून त्यांच्या नावाचा गोळ्यांचा खोका अंगणवाडीच्या रुख्मिणीताईंकडे आला. दिवसाआड तिथं जायचं आणि ताईंच्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायच्या. गोळ्या मूठभर. त्या घेतल्या की लघवी लाल व्हायची आणि पोटात नुसती आग. जानराव गल्लीभर सांगत फिरायचे, “रोगानं नाई मरत मी, ह्या गोयायनं मरतो.”

इकडं नगमा एम.एस्सी. होऊन पीएच.डी.ला लागली होती. तिचं काम असं होतं. औषधाचा रेणू म्हणजे अणूंची जोडणी, आणि त्या जोडणीत कडी असतात. काही पाच कोपऱ्यांची, काही सहा. नवी औषधं शोधणारे लोक पुष्कळदा एवढंच करतात की जुन्या रेणूतलं एक कडं काढतात आणि त्याजागी दुसरं बसवतात, बाकीचं होतं तसं ठेवतात. एवढ्यानं कधी औषध जास्त लागू पडतं, कधी त्याचा त्रास कमी होतो. पुष्कळदा काहीच होत नाही. तिच्या मार्गदर्शक सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं एक पांढरी पावडर बनवून ठेवली होती आणि ती टीबीच्या जंतूंना थोडीफार अडवते असं बाहेरच्या प्रयोगशाळेनं कळवलं होतं. त्या पावडरीच्या रेणूतल्या एका कड्याच्या कोपऱ्यात ऑक्सिजन बसलेला होता. हायड्राझिन नावाच्या द्रवात ती उकळली की ते सहा कोपऱ्यांचं कडं फुटतं आणि दोन नायट्रोजन आत घेऊन पाच कोपऱ्यांचं नवं कडं मिटतं. नगमाला हेच करून दाखवायचं होतं.

अब्बांना तिनं हे गादीवरून समजावलं होतं. खोळ तीच ठेवायची, आतली रुई तेवढी बदलायची. सत्तारभाईंना ते लगेच पटलं. “अन् कोपरा उघडा ठेवतं का नाई?” त्यांनी विचारलं. नगमा हसली. “त्याची पन टेस्ट असते अब्बा.”

टेस्ट होती, आणि सोपी होती. जुनं कडं फुटलं की रेणूचं एक टोक मोकळं होतं, आणि त्या टोकाला फेरिक क्लोराइडचे पिवळे थेंब लागले की जांभळा रंग येतो. बारावीची पोरंही करतात. एका दुपारी नगमानं उकळलेलं मिश्रण थंड केलं, तर खाली सुया सुया जमल्या. जुनी पावडर चपट्या कपच्यांची, ही सुयांची. वितळवून पाहिली, तर जुनीपेक्षा थोडी लवकर वितळली. मग काचनळीत थेंब टाकले आणि तिला जांभळट झाक दिसली. ती धावतच कॉलेजसमोरच्या एस.टी.डी. बूथवर गेली आणि दुकानात फोन लावला. “अब्बा, झालं. कडं बदललं.”

ती सालं आपल्या भागाला वाईट होती. पेपरात अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावं यायची ती एकाच बातमीखाली, आणि ती बातमी कोणती हे सांगायला नको. मुंबईचे लोक गाड्या करून यायचे, चार घरं फिरायचे, फोटो काढायचे आणि आमच्याकडे पाहून हळहळायचे. लग्नात गाद्या देणं लोकांनी सोडलं होतं. सत्तारभाईंचं मशीन आठवडा आठवडा झाकून असायचं. अशा दिवसांत गावातल्या कुणाचं काही चांगलं झालं तर लोक त्याच्यावर तुटून पडायचे, आणि त्यात आमचे वामनराव गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी अकोल्याच्या एका पेपराला बातम्या पाठवायचे. दुकानात बसून चहा पिताना त्यांनी सत्तारभाईंच्या तोंडून ‘झालं’ एवढं ऐकलं, आणि चौथ्या दिवशी पेपरात आलं, ‘पिंजाऱ्याच्या लेकीने शोधले क्षयावर औषध’.

नगमानं ते वाचलं तेव्हा तिचे कान तापले. ‘शोधले’ हे चूक आहे, हे तिला कळत होतं. फोन करून सांगावं असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर तिला तो मथळा आवडलाही होता, आणि आवडलेली गोष्ट चूक आहे म्हणून सांगायला माणूस उद्याचा मुहूर्त काढतो. तेवढ्यात सत्कार ठरला.

शाळेच्या पटांगणात मांडव, तिच्या फोटोचं फ्लेक्स, शाल, श्रीफळ, हार. चार वक्ते बोलले आणि चौघांनीही तिचं नाव निराळं घेतलं. मग ती उठली. समोर पहिल्या रांगेत जानराव बसले होते, धुतलेला सदरा घालून, आणि भाषण सुरू होण्याआधीच टाळ्या वाजवत होते. नगमानं ठरवून आणलेलं भाषण साधं होतं. हा पहिला टप्पा आहे, तपासण्या व्हायच्या आहेत, वगैरे. पण मांडव भरलेला, इतकी माणसं आशेनं पाहतायत, आणि समोर काका. तिच्या तोंडून निघून गेलं, “आत्ता ज्या गोळ्या आहेत त्यांनी पोटात आग होते. हे कडं बदललं की तो त्रास राहणार नाही. थोड्या दिवसांची गोष्ट आहे.”

टाळ्या थांबेनात. सत्तारभाई डोळे पुसत होते.

अमरावतीला परत आल्यावर ती पावडर बाहेर तपासणीला पाठवायची म्हणून तिनं ती आणखी स्वच्छ करायला घेतली. गरम अल्कोहोलमध्ये विरघळवली, गाळली, थंड केली. पुन्हा वितळवून पाहिली तर आता ती जरा उशिरा वितळली. पुन्हा स्वच्छ केली, तर आणखी उशिरा. अशुद्ध पावडर लवकर वितळते, हे नगमा स्वतः बी.एस्सी.च्या पोरांना शिकवायची. जसजसा मळ जात होता तसतशी ती पावडर जुन्या पावडरीच्या जवळ सरकत होती. मग तिनं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जुनी आणि नवी दोन्ही एकत्र खलल्या, बारीक नळीत भरल्या आणि तेलात तापवायला धरल्या. दोन्ही वेगळ्या असत्या तर एकमेकींना ओढत आधीच वितळल्या असत्या. तसं काही झालं नाही. जुनी जिथं वितळायची, बरोबर तिथंच सगळं एकदम पाणी झालं.

कडं बदललंच नव्हतं. तिनं जुनीच पावडर उकळून, सुया करून परत काढली होती. हायड्राझिनची बाटली कपाटातून काढून तिनं वास घेतला. जो वास नाकात चढायला हवा तो येत नव्हता. बूच कधीचं सैल होतं कोण जाणे, आतलं सगळं केव्हाच मेलं होतं. फेरिक क्लोराइडची टेस्ट तिनं पुन्हा केली. रंग मळकट पिवळा. त्या दिवशीही तो मळकट पिवळाच असणार. तिला जांभळा हवा होता म्हणून तिला जांभळा दिसला. बर्नर बंद करायचं तिला भान राहिलं नाही, आणि अंगावर मांडवातली ती शाल अजून असल्यासारखं तिला घामाघूम झालं. इतकी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे तिथं तिला पाहणारं कुणीच नव्हतं. म्हणून तिनं ती गोष्ट तिथंच ठेवली. सरांनाही सांगितलं नाही. आधी नवी बाटली मागवू, नीट करून दाखवू, मग सांगायची गरजच उरणार नाही, असा तिचा बेत.

ईदला ती घरी आली. जानराव शीरखुर्मा प्यायला आले. वाटी हातात घेऊन ते तिच्यासमोर बसले आणि चमचा न लावता म्हणाले, “मंग बेटी, तुही गोयी कवा येते?”

ते वाळले होते. गालाची हाडं वर आली होती. नगमानं ते पाहिलं. ‘काका, गोळ्या घेता ना?’ हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता. पण तो विचारला की बोलणं औषधावर जाणार, औषधावर गेलं की तिच्या पावडरीवर येणार, आणि खोलीत अब्बा होते, गुरुजी होते, मुबारकबाद द्यायला आलेले शेजारी होते. भिंतीवर तिच्या सत्काराचा फोटो चौकटीत लावलेला होता.

“चालू आहे काका,” ती म्हणाली. “होईल.”

“मंग चिंता नाई,” जानराव म्हणाले, आणि त्यांनी वाटी तोंडाला लावली.

पुढं थंडी संपता संपता विभागाच्या फोनवर रुख्मिणीताईंचा फोन आला. त्या बाई कधी आवाज चढवून बोलायच्या नाहीत, त्या दिवशीही नाही. “नगमा, जानरावभाऊ कवाचे येऊन नाई राह्यले. खोका तसाच पडून हाय. घरी गेली तं मले म्हन्ते, नगमाची गोयी येऊन राह्यली, तिनं पोट जळत नाई, मंग हे जहर काहून खाऊ. मी लय समजावलं. तुह्या सत्कारापासून बंद हायेत ते. आता थुंकीत रगत हाय बाई. तूच सांग त्याइले. माह्यं नाई आयकत.”

सत्कारापासून. म्हणजे ईदला ते समोर बसले तेव्हाही.

नगमा सरांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सरांनी चष्मा काढून विचारलं, “बाटली कधीची होती?” मग म्हणाले, “होतं असं. नवी मागवू. पुन्हा कर.” त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू नये, असल्या शंभर फसलेल्या पावडरी त्यांच्या कपाटात होत्या आणि एकीनंही कुणाचं वाईट केलं नव्हतं. जानराव त्यांना माहीत नव्हते. नगमा मात्र तिथं उभी राहून विचार करत होती की हे इतकं सोपं होतं तर मी ईदच्या आधीच का नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती निघाली. तोंडानं सांगवेल याची खात्री नव्हती, म्हणून पर्समध्ये तीन काचनळ्या, दोन्ही पावडरी, खरा रंग दाखवायला तिसरा एक पदार्थ आणि फेरिक क्लोराइडची बाटली घेतली. घरी न जाता ती थेट जानरावांच्या दारात गेली. ते बाजेवर टेकून बसले होते. खोकला आला की पार्बताबाई त्यांची पाठ धरायची.

“काका, माझं औषध नाही आहे,” ती म्हणाली. “तयारच झालं नाही. माझं चुकलं. तुम्ही रुख्मिणीताईच्या गोळ्या आजच सुरू करा, पाया पडते.”

जानराव बाजेवर सरळ झाले. “पेपरात तं आलं,” ते म्हणाले.

“पेपरात चुकीचं आलं.”

“तू सोता बोलली मांडवात. मी होतो ना समोर.” ते थांबले, धाप लागली. मग हळू म्हणाले, “मोठ्यायले देशीन तू ते, अमरावती-नागपूरच्या. आमाले काहून देशीन. समजते मले.”

पार्बताबाईनं नगमाचा हात धरला. “बाई, आमी कोनाले सांगत नाई. दोनच दे.”

एवढं ऐकल्यावर दुसरी एखादी पळून गेली असती. नगमाचेही पाय उंबऱ्याकडे वळले होते. पण दारात सत्तारभाई उभे होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की पोरगी आली आणि घरी न येता इकडं गेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. लेकीवर ते रागावले नाहीत, तिच्याकडे पाहिलंही नाही. जानरावांना म्हणाले, “भाऊ, शंका हाय ना तुमाले? मंग दुकानात चाला. शिवन रस्त्यात उसवू.”

दुकानासमोर नवी खोळ अंथरली, तिच्यावर तीन नळ्या उभ्या केल्या. माणसं जमायला वेळ लागत नाही आपल्याकडे. त्यातून सत्काराची पोरगी, म्हणजे काही नवं दाखवणार. गुरुजीही आले. नगमानं एका नळीत जुनी पावडर टाकली, दुसरीत आपली, आणि तिसरीत आधीच माहीत असलेला, मोकळ्या टोकाचा एक पदार्थ. “कडं फुटून बदललं असेल तर रंग असा होतो,” ती म्हणाली आणि तिसऱ्या नळीत पिवळे थेंब टाकले. नळी गर्द जांभळी झाली. लोक ‘वा’ म्हणाले. मग तिनं जुन्या पावडरीत टाकले. पिवळं. मग आपल्या पावडरीत टाकले आणि नळी जानरावांच्या हातात दिली.

जानराव ती उन्हात धरून बराच वेळ पाहत होते. इतकी वर्षं ह्याच जागी बसून त्यांनी माणसांना कोपऱ्यात हात घालताना पाहिलं होतं. “म्हंजे खोळ नवी,” ते म्हणाले, “अन् आत जुनीच.”

“हाव काका.”

एक बाई पदर तोंडाला लावून निघून गेली. सत्तारभाई खाली बघून दोऱ्याचं रीळ उगीच गुंडाळत बसले, आणि आपल्यामुळं अब्बांना रस्त्यावर मान खाली घालावी लागली, हे नगमाला त्या रंगापेक्षा जास्त लागलं.

“कधी लक्षात आलं हे?” गुरुजींनी विचारलं.

नगमा म्हणाली, “परवा.”

हे आलं कुठून, तिलाच कळलं नाही. सगळी शिवण तिनं आपल्या हातानं उसवली होती आणि शेवटचे चार टाके मात्र तसेच ठेवले. कुणी कोपऱ्यात हात घातला नाही. उलट, बिचारी कळल्या कळल्या धावत आली, असं लोक म्हणाले. गुरुजींनी दुरुस्ती काही छापायला पाठवली नाही. “अशा बातमीनं कोनाचं भलं होते बेटा,” ते म्हणाले, आणि ते जरा तिच्यावर उपकार केल्यासारखंच म्हणाले.

जानरावांना त्याच दिवशी अमरावतीला नेलं. मध्येच औषध सोडलेल्या माणसाला मग साध्या गोळ्या पुरत नाहीत. गोळ्या पहिल्यापासून, आणि वर सुया. सुया कमरेत टोचून टोचून गाठी आल्या. पार्बताबाई प्रत्येक सुईला बरोबर जायची. महिने गेले, ताप उतरला, धोतर कमरेला ठरायला लागलं, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले की जंतू गेले. फक्त त्या सुयांनी कान गेले. हे होतं काही जणांचं, डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं. पहिल्यांदा कानात शिट्ट्या वाजायच्या, मग माणसांची तोंडं नुसती हलताना दिसायला लागली.

नगमानं नवी बाटली आणून काम पुरं केलं. ह्यावेळी रंग खरा जांभळा आला, आणि तिनं तो सरांना दाखवला, शेजारच्या प्रयोगशाळेतल्यांना दाखवला, दोन्ही पावडरी एकत्र खलून वितळवल्या, तरी तिचा विश्वास बसेना. कडं खरोखर बदललं होतं. ती पावडर जंतूंवर टाकून पाहिली, तर जंतूंना काहीच झालं नाही. जुनी थोडं तरी अडवायची, ही तेवढंही नाही. बहुतेक कड्यांचं असंच होतं. पीएच.डी. मिळाली, अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी मिळाली. गावानं पुन्हा सत्काराचं काढलं, तेव्हा तिनं अब्बांना सांगून तो बेत मोडला. लोक म्हणाले, किती साधी मुलगी आहे.

ह्या ‘साधी’नं तिचा जीव खाल्ला. जानराव ज्याला त्याला सांगायचे की नगमानं मले वाचवलं, तिले समजलं तशी पयत आली पोट्टी, भर रस्त्यात सोताची लाज काढून मले शुद्धीवर आनलं. ऐकू येत नसल्यामुळं ते ओरडून बोलायचे, आणि सगळा बाजार ऐकायचा. सुट्टीत घरी येताना ती दुकानाच्या मागच्या बोळातून यायला लागली.

शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत ती दुकानातून आली. मशीन चालू होतं. डॉक्टरांनी रुईत बसायला मना केल्यामुळं जानराव बाहेर बाकावर बसून गिऱ्हाइकांना कोपरा दाखवायचं काम करायचे. ती त्यांच्या शेजारी बसली. कितीतरी वेळा मनात घोळवलेलं वाक्य ती बोलली.

“काका, ईदला तुम्ही विचारलं ना, तेव्हा मला माहीत होतं.”

“आं?”

“ईदला. मला माहीत होतं.”

जानरावांनी कानामागं हात धरला. “जोरानं बोल बेटी. मशीन चालू हाय का? मले तं तेही समजत नाई.”

सत्तारभाईंनी आतून पाहिलं आणि मशीन बंद केलं. बाजार एकदम गप्प झाल्यासारखा वाटला. समोरच्या चहावाल्यानंही मान वर केली. नगमाला वाटलं, राहू द्यावं. हसून ‘काही नाही काका’ म्हणावं. ते तसंच वाचवणारी पोरगी म्हणत राहतील आणि मरतील, कुणाचं काही अडणार नाही. ती उठली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि ओरडली. आपल्याच कानाला अनोळखी वाटेल अशा आवाजात, त्यांच्याच बोलीत ओरडली.

“ईदले तुमी इचारलं तवा मले मालूम होतं काका! औषध नाई झालं हे मालूम होतं! लाज वाटली म्हनून नाई सांगतलं!”

चहावाल्यानं ऐकलं, गिऱ्हाइकांनी ऐकलं. सत्तारभाईंच्या हातातली सुई खोळीतच राहिली. जानराव तिच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच, ओरडून न बोलता, अगदी पूर्वीच्या आवाजात बोलले.

“त्या दिशी हळूच सांगतलं असतं ना बेटी,” ते म्हणाले, “तरी आयकू आलं असतं मले.”